पोर्शनबाहेरची माणसं

आपल्याकडे पहिल्या नंबराला कुणी हसत नाही. अमेरिकी सिनेमे पाहत वाढलेल्या पिढीला वाटतं की वर्गातला हुशार मुलगा जगात सगळीकडेच टिंगलीचा धनी असतो. महाराष्ट्रात तसं कधी नव्हतं. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची त्या काळात आईवडील पेढा भरवतानाचे मुलांचे फोटो पेपरात झळकायचे, चाळीत सत्कार व्हायचे, क्लासवाले तो चेहरा वर्षभर बोर्डावर मिरवायचे. यादी बंद झाली तरी तो मान गेलेला नाही. नव्व्याण्णव टक्केवाल्या पोराला शेजारपाजारचे लोक आपल्या मुलांपुढे उदाहरण म्हणून उभं करतात. मुलांना त्याचा राग येतो, हेवा वाटतो, पण हसू येत नाही.

हसू येतं ते दुसऱ्याच कुणाचं. एका मराठी शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंशी मी यावर बोलत होतो. त्या म्हणाल्या, ‘‘‘हे परीक्षेला येणार का?’ असं एखाद्यानं विचारलं तर वर्गात कुणी मान वर करत नाही. पण ‘शनीची कडी शनीवर पडत का नाहीत?’ असं कुणी विचारलं की मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो, ‘ए आईनस्टाईन, बस खाली!’ आणि पुढच्या बाकावरची हुशार मुलं मला आठवण करून देतात, ‘बाई, हे पोर्शनमध्ये नाहीये.’’’ मागच्या आणि पुढच्या बाकांचं एरवी कशावरच एकमत होत नाही. या एका बाबतीत मात्र होतं.

या मुलांना मिळणारी नावं सगळ्यांना माहीत आहेत. घासू, पुस्तकी किडा, चष्मा असेल तर ढापण्या, मोठ्या माणसांच्या तोंडी शहाणा आणि फारच झालं तर अतिशहाणा. त्याचा बैल रिकामा राहतो हे आपण शाळेत जायच्या आधीपासून ऐकतो. वाचणाऱ्या घरांतून एक नाव अधिक चालतं, ते म्हणजे गटणे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तला सखाराम गटणे छापील मराठीत बोलतो, भेटेल ते वाचतो, वाचलेलं सगळं मनापासून खरं मानतो. पुलंनी त्याला किती मायेनं रंगवलं आहे ते मूळ लेख वाचणाऱ्याला कळतं. वर्गात कुणाला ‘काय गटणे’ म्हणून हाक मारली जाते तेव्हा नाव तेवढं येतं, माया पुस्तकातच राहते.

या लेखासाठी मी अशा बऱ्याच माणसांशी बोललो, ज्यांना लहानपणी किंवा आजही असं काहीतरी म्हटलं जातं. कुणी तारे बघतं, कुणी नाणी जमवतं, कुणी रेल्वेची इंजिनं ओळखतं, कुणी रात्रभर बसून मराठी विकिपीडियावर गावोगावच्या लेण्यांचे लेख सुधारतं. ‘तुम्हाला कसं वाटतं?’ हा माझा प्रश्न बहुतेकांना आधी विचित्र वाटला. मग ते बोलू लागले आणि बोलतच राहिले. त्यातून एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. नाव कोणतंही असो, ते हुशारीबद्दल नसतं. समोरचा सांगत असतो की तुला ही गोष्ट जरा जास्तच आवडते. किती आवडावी याचं एक माप समाजानं ठरवून ठेवलं आहे आणि ते माप उपयोगाचं आहे. पोटापुरतं, मार्कांपुरतं, नोकरीपुरतं आवडलं तर तो अभ्यास. त्यापलीकडे गेलं की वेड.

सातारा जिल्ह्यातले एक बँक कर्मचारी मोडी कागद वाचतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्गात ते मोडी शिकले, तेही चाळिशी उलटल्यावर. रविवारी ओळखीपाळखीच्या घरी जुनी बासनं सोडून बसतात. नात्यात त्यांना ‘कागद चघळणारा’ म्हणतात. ते मला म्हणाले, ‘‘नावाचं काही नाही हो. कुठल्या तरी गावच्या कुलकर्ण्यानं दोनशे वर्षांपूर्वी पाटलाविरुद्ध केलेली तक्रार मी वाचत असतो, तेव्हा मला कुणी काय म्हणतंय ते ऐकूच येत नाही. वाईट वाटतं ते नंतरच्या प्रश्नाचं. ‘याचे काही मिळतात का?’ नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव दिसते. चेष्टा परवडली, ती कीव नको वाटते.’’

त्यांना मी इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण करून दिली. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळत. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड उभे राहिले आणि 1910 साली ज्या मंडळाची स्थापना झाली, तिथेच हे गृहस्थ मोडी शिकले. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘राजवाडे झाल्यावर राजवाडे म्हणतात. होईपर्यंत काय म्हणत असतील?’’

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर असलेल्या बाईंचा अनुभव याच्या बरोबर उलटा आहे. त्यांच्या टेबलावरच्या मगवर ‘गीक’ असं मोठ्या अक्षरांत छापलंय. मुलाखती घेताना त्या उमेदवारात तेच शोधतात. पण सोलापुरात शाळेत असताना मधल्या सुट्टीत कोडी सोडवत बसल्याबद्दल त्यांना जे ऐकावं लागलं, ते सांगताना पन्नाशीतही त्यांचा आवाज बदलला. ‘‘तीच मी आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तेव्हाही मी एकटीच कोपऱ्यात बसून कोडी सोडवायचे, आताही तेच करते. मधे फक्त पगार आला.’’

हे ‘मधे पगार येणं’ जिथे आधी घडलं, त्या अमेरिकेकडे जरा बघायला हवं, कारण गीक आणि नर्ड ही दोन्ही नावं तिथूनच आपल्या मुलांच्या तोंडी आली आहेत.

गीक हा तिकडच्या जत्रांमधला माणूस होता. तंबूत बसून जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडायचं आणि लोकांनी किळस करत पैसे टाकायचे, हा त्याचा धंदा. विल्यम लिंडसे ग्रेशॅमच्या ‘नाइटमेअर अ‍ॅली’ या 1946 च्या कादंबरीत तो भेटतो. व्यसनात बुडालेला, जत्रेच्या उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी असलेला माणूस. नर्ड त्या मानानं गोंडस. डॉ. स्यूस यांच्या 1950 च्या एका बालपुस्तकात या नावाचा काल्पनिक प्राणी आहे, आणि 1951 साली ‘न्यूजवीक’नं नोंदवलं की डेट्रॉइटची तरुण पोरं कंटाळवाण्या, जुनाट वळणाच्या मुलाला नर्ड म्हणू लागली आहेत. पुढं त्याला जाड काचांचा चष्मा आला, शर्टाच्या खिशात पेनांच्या शाईपासून बचाव करणारी प्लास्टिकची पिशवी आली, कवायतीत मागं राहणं आलं, मुलींपुढे त्रेधा उडणं आलं. हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणारे वरचे आणि हे खालचे अशी उतरंड पक्की झाली. ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’ हा 1984 चा सिनेमा चालला तो याच उतरंडीवर.

मला त्या काळातला एक लेख महत्त्वाचा वाटतो. जानेवारी 1990 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिओनिड फ्रिडमन या हार्वर्डच्या विद्यार्थ्यानं लिहिलं की अमेरिकेला तिच्या नर्डांची गरज आहे. हार्वर्डसारख्या ठिकाणीसुद्धा आपण किती अभ्यास करतो हे सांगायला मुलं लाजतात, याची त्याला चीड होती. त्यानं तिथे नर्ड आणि गीक मंडळींची एक सोसायटीच काढली होती. विद्वत्तेची चेष्टा करणारा देश मागं पडेल असं त्याचं म्हणणं. लेख धारदार आहे आणि प्रामाणिकही आहे. पण त्यातला युक्तिवाद शेवटी देशाच्या स्पर्धेवर येऊन टेकतो: आम्हाला हसू नका, आम्ही तुमच्या उपयोगाचे आहोत. तिथं मला तो लेख कमी पडतो.

कारण पुढं अगदी तसंच झालं. 1995 साली ‘फोर्ब्ज’च्या यादीत बिल गेट्स जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ ठरले आणि बघता बघता चष्म्याला प्रतिष्ठा आली. सिलिकॉन व्हॅलीचे तरुण मालक मासिकांच्या मुखपृष्ठांवर आले. ‘द बिग बँग थिअरी’ 2007 ते 2019 अशी बारा वर्षं चालली. 2006 मध्ये स्पेनमध्ये गीक मंडळींनी 25 मे हा आपला अभिमानाचा दिवस म्हणून साजरा केला; पहिला ‘स्टार वॉर्स’ 1977 साली याच तारखेला आला होता. तो दिवस आता बऱ्याच देशांत पाळतात. अपमानाचा शब्द स्वतःच छातीवर लावून घेण्यात धैर्य होतं, ते मी कमी लेखत नाही. पण बाकीच्या जगानं त्यांना माफ केलं ते त्यांच्या प्रेमासाठी नाही, पैशासाठी. ज्या गीकच्या हाती पैसा लागला नाही तो आहे तिथंच राहिला. मुंग्यांचा अभ्यास करणारा, जुनी तिकिटं जमवणारा, मरत चाललेल्या एखाद्या बोलीचे शब्द टिपून ठेवणारा माणूस कोणत्याही मासिकाच्या मुखपृष्ठावर आला नाही.

आपल्याकडे ही लाट इंजिनीअरिंग कॉलेजांतून आली. तिथल्या होस्टेलांत आधीपासून स्वतःची भाषा होती. आयआयटी मुंबईत रट्टा मारणाऱ्याला मग्गू म्हणतात आणि त्यात कौतुक नाही. पण सगळ्या लॅब रिकाम्या झाल्यावर रात्री दोनला सर्किट जुळवत बसणाऱ्याबद्दल वेगळाच आदर असतो. 2009 च्या ‘थ्री इडियट्स’नं हीच सीमारेषा घराघरांत नेली. पाठांतर करणारा चतुर तिथे हास्यास्पद ठरतो आणि यंत्रं खोलून बघणारा रँचो नायक ठरतो. आपल्या प्रेक्षकांनी टाळ्या कुणासाठी वाजवल्या हे आठवावं. त्याच प्रेक्षकांनी घरी जाऊन मुलांना क्लासला पाठवलं, हेही आठवावं. आणि रँचोचं वेड शेवटी चारशे पेटंटांत मोजून दाखवल्याशिवाय सिनेमालाही ते पुरेसं वाटलं नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांमधली गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. तिथल्या स्पेलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय वंशाची मुलं इतकी वर्षं जिंकत आली आहेत की 2019 मध्ये आठ संयुक्त विजेत्यांपैकी सात जण भारतीय वंशाचे होते. आईवडिलांच्या दृष्टीनं हा निखळ आनंद. मुलांसाठी मात्र नर्ड हे नाव तिथे कातडीच्या रंगाला चिकटून येतं. न्यू जर्सीत वाढलेली, आता तिशीत असलेली एक मुलगी मला सांगत होती, ‘‘मला गणित बऱ्यापैकीच यायचं. पण वर्गात सगळे धरून चालायचे की हिला येणारच. चुकलं की आश्चर्य, बरोबर आलं तर त्यात काय विशेष. मला खरं वेड होतं मातीच्या भांड्यांचं. चाकावर मी तासन्‌तास बसायचे. त्यासाठी मला कुणीच नर्ड म्हटलं नाही, आणि घरी कुणी कौतुकही केलं नाही.’’ तिचं वेड आणि तिचं नाव यांची गाठच पडली नाही. जे नाव मिळालं ते तिचं नव्हतं, याचं दुःख तिला चिडवण्यापेक्षा जास्त होतं.

*

हे सगळं मनात घोळत असताना मी सारखा एका माणसाकडे परत येत होतो. महाराष्ट्रात अंकांवर त्यांच्याइतकं प्रेम केलेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद असलेले. आकडेमोडीची गोडी घरातच लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. 1927 मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळालं. 1929 मध्ये बी.एस्सी. झाले, पण पुढचं विद्यापीठीय शिक्षण झालं नाही. 1930 पासून 1962 पर्यंत, बत्तीस वर्षं, ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस आकडे मांडत बसे. 1946 साली त्यांना जे सापडलं ते आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखलं जातं. वाचकांनी कागदपेन्सिल घेऊन स्वतः करून बघावं. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं लिहा, मोठीतून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावा, आणि त्यावर तेच पुन्हा करा. मी त्यांचं जन्मसाल घेतलं, 1905. 9510 वजा 0159 म्हणजे 9351. मग 9531 वजा 1359, आले 8172. पुढं 7443, 3996, 6264, 4176 आणि शेवटी 7641 वजा 1467, म्हणजे 6174. इथून पुढं कितीही वेळा करा, 6174 च येत राहतं. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही याच संख्येवर पोचता. 1905 ला बरोबर सात पायऱ्या लागतात.

हे त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. परिषदांना ते स्वतःच्या खर्चानं जात. पुस्तिका पदरमोड करून छापत. संख्यांना नावं ठेवत आणि ती नावं जवळच्या माणसांना ठेवावीत तशी ठेवत. आपल्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटलं, आनंद देणाऱ्या. जीआयपी रेल्वेवरच्या एका स्टेशनात एक कल्पना सुचली म्हणून त्या स्टेशनाच्या नावावरून त्या संख्या डेम्लो झाल्या. दुसऱ्या कुठल्याही संख्येपासून एका ठराविक रीतीनं तयार न होणाऱ्या संख्यांना स्वयंभू म्हटलं आणि देवळालीचं नावही दिलं. 45 चा वर्ग 2025. त्याचे 20 आणि 25 असे दोन तुकडे करून बेरीज केली तर पुन्हा 45. अशा संख्यांना आता कापरेकर संख्या म्हणतात. 297 करून बघा, तिचा वर्ग 88209, आणि 88 अधिक 209 म्हणजे 297.

भारतातल्या बऱ्याच व्यावसायिक गणितज्ञांना हे पोरखेळ वाटले. त्यांच्या दृष्टीनं ते करमणुकीचं गणित होतं; त्यात मोठी सिद्धता नाही, खोल सिद्धांत नाही. तांत्रिक अर्थानं त्यांचं काही चुकलं नव्हतं. दहाच्या पायावर मोजतो म्हणून 6174 येतं, पाया बदला की ही गंमत बदलते. पण एखाद्याच्या कामाचं वजन ठरवणं आणि त्या माणसाला हलकं लेखणं यात फरक आहे. तो फरक फार थोड्यांनी पाळला. शाळा मात्र त्यांना आवडीनं बोलावत. मुलांपुढे उभे राहिले की हे गृहस्थ खुलत. त्यांना गणितानंद म्हणू लागले. मला वाटतं आपल्याकडे अशा माणसाला मिळालेलं हे सगळ्यात सुंदर नाव आहे, कारण त्यात त्यांच्या उपयोगाचा नाही, आनंदाचा उल्लेख आहे.

त्यांना स्वतःला या वेडाबद्दल काय वाटायचं? तेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. दारुड्याला त्या सुखाच्या धुंदीतच राहावंसं वाटतं, तसं आपलं अंकांच्या बाबतीत होतं, असं ते म्हणत. ही उपमा कुणी चिडवण्यासाठी त्यांच्यावर फेकली असती तर लागली असती. त्यांनी ती आपणहून घेतली. सभ्य मास्तरानं, तेही त्या काळात, स्वतःची तुलना दारुड्याशी करावी, यात मला लपवालपवीचा पूर्ण अभाव दिसतो. ‘याचा उपयोग काय’ या प्रश्नाला ‘उपयोग काही नाही, सुख आहे’ इतकं सरळ उत्तर मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

1966 मध्ये पत्नी वारल्या. पेन्शन तुटपुंजं, म्हणून ते शिकवण्या करून भागवत. मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या निवृत्त मास्तरांचं नाव जगभर झालं. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. 1986 मध्ये ते गेले. आज परदेशातल्या शाळांमधून मुलं 6174 चा खेळ खेळतात. आपल्या मुलांना ते नाव ठाऊक असलंच तर इंग्रजी व्हिडिओतून. याचं मला फार वाईट वाटतं. ज्या भाषेत ते विचार करत होते, तिच्या शाळेत ते नाव फारसं ऐकू येत नाही.

*

बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यांना वेडं म्हणण्याआधी एक पायरी असते: दारच उघडत नाही. कमला भागवत, नंतरच्या कमला सोहोनी, 1933 साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. अखेर त्यांना एका वर्षाच्या परिवीक्षेवर घेतलं गेलं, इतर संशोधकांचं लक्ष विचलित होणार नाही अशा अटीसकट. त्यांनी वर्ष निभावलं, पुढं केंब्रिजला जाऊन 1939 मध्ये पीएचडी मिळवली. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. परत येऊन त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. एखाद्या मुलाचं प्रयोगशाळेत रमणं फार तर विक्षिप्तपणा ठरतं. त्यांचं रमणं म्हणजे दुसऱ्यांच्या कामातला व्यत्यय धरलं गेलं.

आज दार उघडं आहे, पण हिशेब पूर्ण बदललेला नाही. फुलपाखरांच्या नोंदी ठेवणाऱ्या कोल्हापूरच्या एका तरुणीनं मला सांगितलं की तिच्या भावाच्या क्रिकेटच्या आकडेवारीच्या वेडाला घरात ‘नाद’ म्हणतात आणि तिच्या वेडाला ‘लग्नानंतर कसं जमेल?’ असं विचारतात. भावाच्या नादाला मुदत नाही. तिच्या नादाला आहे, आणि ती कधी संपते हे तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे. मी तिला विचारलं, तुला कुणी गीक म्हटलं तर? ती म्हणाली, ‘‘म्हणू देत ना. निदान मी काहीतरी करते आहे हे त्यांना दिसलं असं तरी होईल.’’

आणखी एक बाजू आहे, ती अनेक पालकांनी दबक्या आवाजात काढली. काही मुलांची एखाद्या विषयातली विलक्षण एकाग्रता हा स्वमग्नतेचा भाग असू शकतो. अशा मुलाला गोंगाट सहन होत नाही, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा वाचता येत नाही, बोलणं कुठं थांबवायचं ते कळत नाही. वेड असलेलं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं आणि घरबसल्या कुणी कुणाला तसं ठरवूही नये. ते तज्ज्ञांचं काम आहे. पण जिथं ते असतं तिथं ‘आमचा प्रोफेसर’ असं म्हणत वर्षं निघून जातात आणि हवी ती मदत उशिरा मिळते. वर्गातल्या चेष्टेचा मार त्या मुलावर दुप्पट बसतो, कारण लोक का हसले हेच त्याला उमगत नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे शिकवलं जायला हवं, हे मी ठासून सांगेन.

आईवडील मला विचारतात, ‘‘मग करायचं काय? त्याला चिडवतात, रडत घरी येतो.’’ त्याला कमी आवडायला लावू नका, एवढं मी पहिल्यांदा सांगतो. आणि मग त्याच्यासारखा दुसरा शोधा. महाराष्ट्रात या दुसऱ्यांची फार जुनी आणि चांगली ठिकाणं आहेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 पासून पक्षी-प्राण्यांच्या नादिष्टांना एकत्र आणते. मराठी विज्ञान परिषद 1966 ची. पुण्यात आयुकाच्या आवारात मुलांसाठी विज्ञानशोधिका आहे. खगोल मंडळाचे लोक वांगणीला रात्र रात्र आकाश दाखवतात. तिथे शनीच्या कड्यांबद्दल विचारलं तर उत्तर देणाऱ्यांची चढाओढ लागते.

कल्याणच्या एका बाईंचा अकरा वर्षांचा मुलगा रेल्वेनं झपाटलेला आहे. मध्य रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ, इंजिनाच्या आवाजावरून जात सांगतो. वर्गात त्याचं नाव अनाउन्समेंट. बाईंनी खूप विचार करून त्याला रेल्वेप्रेमींच्या एका गटाबरोबर कर्जतला नेलं. घाट चढण्यासाठी पुण्याकडच्या गाडीला मागून बँकर इंजिनं जोडतात, ते बघायला तिथे सात-आठ जण उभे होते. कुणी बँकेतले, एक निवृत्त फिटर, दोघे कॉलेजचे. मुलानं अर्धा तास न थांबता माहिती सांगितली. कुणी हसलं नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. मग फिटरकाकांनी त्याला विचारलं, ‘‘घाटात मेन लाइनपासून फुटून चढावर जाणारा आणि तिथंच संपणारा रूळ असतो, तो कशाला ठेवलाय सांग बघू?’’ पोराला आलं नाही. काकांनी समजावलं की उतारावर ब्रेक निकामी झालेली गाडी त्या रुळावर वळवायची म्हणजे चढ चढता चढता ती आपोआप थांबते, कॅच सायडिंग म्हणतात त्याला. बाई सांगत होत्या, परतीच्या लोकलमध्ये तो त्याला येणाऱ्या एकाही गोष्टीबद्दल बोलला नाही. बदलापूर येईपर्यंत फक्त कॅच सायडिंग, त्याचा चढ किती असेल, गाडी जड असेल तर किती लांब लागेल, आणि पुढच्या रविवारी काकांना विचारायचे प्रश्न.